मैदानावर पडलेला पाऊस जातो कुठे?

(भूगोल अभ्यासलेख : इयत्ता आठवी ते दहावीसाठी, पालक आणि विश्वस्त यांनीही अवश्य वाचावा)



भूगोलाच्या पुस्तकात 'भूमी उपयोजन' नावाचा धडा असतो. जमिनीचा वापर माणूस कशाकशासाठी करतो, याचे ते कोष्टक. शेती, वने, पडीक जमीन, पाण्याखालची जमीन, वस्ती, कारखाने, रस्ते. परीक्षेत चार गुणांचा प्रश्न येतो, आपण कोष्टक पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. त्या कोष्टकात लिहिलेला बदल आपण रोज पायाखाली तुडवतो, हे मात्र लक्षात येत नाही. म्हणून या अंकात तोच धडा आपण आपल्या हैदराबादेत, आपल्या शाळेच्या मैदानावर उभे राहून वाचणार आहोत.

मैदानच का, ते लेखाच्या शेवटी सांगू. आधी एक प्रश्न : पाऊस पडला की त्याचे पाणी जाते कुठे?

पाण्याच्या तीन वाटा

जमिनीवर पडलेल्या पावसाला तीनच वाटा असतात. काही पाणी वाफ होऊन वर जाते, काही जमिनीत मुरते आणि उरलेले उताराने वाहून जाते. कोणत्या वाटेने किती जाणार हे पावसाइतकेच जमिनीवरही अवलंबून असते. गवत आणि झाडे असलेल्या सपाट मातीवरून साध्या पावसात दहा ते तीस टक्के पाणी वाहते. डांबरी रस्ता, फरशी, सिमेंटची गच्ची यांवरून ऐंशी ते नव्वद टक्के वाहून जाते. अभियंते गटारांचा आकार ठरवताना साधारण असेच आकडे धरतात.

म्हणजे ढग तोच, पाऊस तेवढाच, तरी माती झाकली की वाहणारे पाणी तीन-चार पटींनी वाढते. शिवाय ते झटपट पोचते. मातीवरून रेंगाळत जाणारे पाणी फरशीवरून धावत सुटते आणि सगळीकडचे पाणी एकाच वेळी नाल्यावर येऊन आदळते.

हैदराबादच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपले शहर ग्रॅनाइटच्या खडकावर बसलेले आहे. बंजारा हिल्स, जुबिली हिल्सकडे जे प्रचंड गोल धोंडे दिसतात तोच हा खडक. तो फार जुना आणि टणक. पाणी साठते ते त्याच्या वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांत. हा थर बऱ्याच ठिकाणी पातळ आहे. जमिनीखालची ही तिजोरी मुळातच लहान असल्यामुळे पूर्वीच्या लोकांनी पाणी जमिनीच्या वर साठवायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी तलाव बांधले.

तलावांची साखळी

तेलुगूत मोठ्या तलावाला चेरुवू आणि लहान तळ्याला कुंटा म्हणतात. दख्खनच्या या भागात राज्ये बदलली, पण तळी बांधण्याची रीत टिकली. काकतीयांनी तलाव बांधले, कुतुबशाहीत इब्राहिम कुतुबशहाच्या काळी १५६० च्या दशकात हुसेन सागर झाला, पुढे आसफजाही काळातही हे काम चालू राहिले.

हे तलाव सुटे सुटे नव्हते. वरच्या गावचा तलाव भरला की त्याच्या सांडव्यातून पाणी खालच्या तलावात, तिथून आणखी खाली आणि शेवटी मुसी नदीत जाई. दोन तलावांना जोडणारा नाला हा त्या साखळीचा दुवा. तलावाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत लोक पीक घेत. अशा जमिनीला निजामाच्या महसुली भाषेत 'शिखम' म्हणत. ती आठ महिने शेत आणि चार महिने तलाव. कागदावर ती जमीन दिसते, पण तिच्यावर पहिला हक्क पाण्याचा असतो. पुढची बरीचशी गडबड ही गोष्ट विसरल्यामुळे झाली.

१९०८ चा धडा

काचीगुडा, गौलीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून मुसीच्या पुराची आठवण अजून सांगितली जाते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या पुरात शहराचा नदीकाठचा भाग वाहून गेला. मृतांचा आकडा सुमारे पंधरा हजार सांगितला जातो. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पुरात गेल्या; ते एकटे वाचले. अफजलगंजला, आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड आजही उभे आहे. पाहिले नसेल तर जरूर पाहून या.

पुरानंतर निजाम सरकारने १९०९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. त्यांनी मुसीचे पाणलोट क्षेत्र अभ्यासले. शहराच्या वरच्या बाजूला ७८८ तलाव होते, म्हणजे दर चौरस मैलाला जवळजवळ एक. त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर येते, मग तोही फुटतो. म्हणजे नुसते तलाव असणे पुरेसे नाही. त्यांचे बांध मजबूत हवेत आणि सांडवे मोकळे हवेत.

विश्वेश्वरय्यांच्या योजनेतले मुख्य सूत्र असे होते : पूर शहरात अडवता येत नाही, तो शहराच्या वर अडवावा लागतो. त्यानुसार मुसीवर गंडीपेटजवळ उस्मान सागर (१९२०) आणि तिची उपनदी ईसी हिच्यावर हिमायत सागर (१९२७) बांधले गेले. पूर अडवण्यासाठी बांधलेले हे जलाशय शहराला पाणीही पाजू लागले. 'गंडीपेटचं पाणी ज्याच्या पोटात गेलं तो हैदराबाद सोडत नाही,' असे आपली जुनी मंडळी म्हणतात. आपले पूर्वज इथे आले आणि इथलेच झाले, त्यात या पाण्याचाही वाटा असावा!

शहर वाढले, माती झाकली

१९०१ च्या जनगणनेत हैदराबादची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आत होती. २००७ मध्ये आसपासच्या १२ नगरपालिका आणि ८ ग्रामपंचायती जोडून बृहत्‌ महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत या विस्तारित शहराची लोकसंख्या ६७ लाखांवर गेली. क्षेत्रही मोठे झाले, त्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तरी वाढीचा अंदाज येतो.

पुढे सनतनगर, बालानगर, जीडीमेटला या बाजूंना कारखाने आले. १९९८ मध्ये माधापूरला सायबर टॉवर्सचे उद्‌घाटन झाले आणि शहर पश्चिमेकडे धावू लागले. विमानतळ शमशाबादला गेला, शहराभोवती १५८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता झाला. रस्ता गेला की जमिनीचा भाव वाढतो. भाव वाढला की शेत 'बिनशेती' होते. मग आखणीचे दगड पुरले जातात आणि काही वर्षांत इमारती उभ्या राहतात.

यात काय गेले? एक उदाहरण द्राक्षांचे. 'अनाब-ए-शाही' हे नाव मोठ्यांनी ऐकले असेल. द्राक्षाची ही जात हैदराबादेतून पसरली. शहराच्या कडेने, मेडचल-शामीरपेटकडे तिचे मांडव होते. त्यांतले बहुतेक मांडव आता नाहीत. तिथे वसाहती आहेत.

दुसरे उदाहरण तलावांचे. शहरातली नावे जरा मोठ्याने उच्चारून पाहा : मासाब टँक, नल्लाकुंटा, बतुकम्माकुंटा. 'टँक' म्हणजे तलाव, 'कुंटा' म्हणजे तळे. मासाब टँकला आज तलाव नाही आणि नल्लाकुंट्याला तळे नाही. फक्त नाव राहिले आहे. एखाद्या घराण्याचे आडनाव राहावे आणि वाडा जावा, तसे.

परिणाम : पूर आणि टंचाई एकाच घरात

२४ ऑगस्ट २००० रोजी शहरात २४ तासांत सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस पडला. हुसेन सागरच्या सांडव्याचे पाणी ज्या नाल्यातून मुसीकडे जाते, त्या नाल्याच्या काठचे दोमलगुडा, अशोकनगर, गांधीनगर हे भाग पाण्याखाली गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा तेच. त्या वेळी जुन्या शहराच्या दक्षिणेकडील पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू यांचे बांध फुटले आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस उस्मान सागर आणि हिमायत सागर यांचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा गौलीगुड्याच्या महात्मा गांधी बसस्थानकात मुसीचे पाणी आले आणि प्रवासी अडकून पडले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९०८ मध्ये सिमेंटचे रस्ते नव्हते, तरी पूर आला होता. फार मोठ्या पावसात मातीसुद्धा तृप्त होते आणि मग ती पाणी घेत नाही. म्हणून 'पूर फक्त सिमेंटमुळे येतो' असे उत्तरपत्रिकेत लिहू नका. बरोबर उत्तर असे आहे : मोठ्या पावसाचा पूर निसर्गाचा असतो. पण तलाव बुजवल्याने, नाले अरुंद केल्याने आणि माती झाकल्याने तो अधिक उंच होतो, लवकर येतो, आणि पूर्वी जिथे येत नव्हता तिथे मध्यम पावसातही येऊ लागतो.

दुसरा परिणाम याच्या उलट दिसतो, पण कारण तेच. जे पाणी धावत नाल्यात गेले ते जमिनीत गेले नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये ज्या तळघरातून पंपाने पाणी उपसतात, त्याच इमारतीची कूपनलिका एप्रिलमध्ये कोरडी पडते आणि फाटकाशी टँकर उभा राहतो. पाणी तेच. पावसाळ्यात आपण ते फुकट घालवले आणि उन्हाळ्यात विकत आणले.

मग शहर दूरचे पाणी आणते. १९६० च्या दशकात मांजराचे पाणी आले, पुढे सिंगूरचे, २००४ नंतर कृष्णेचे आणि २०१५ मध्ये गोदावरीचे. मांजरा आपल्याला परकी नाही. ती बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि लातूर-बिदरकडून तेलंगणात उतरते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच दुष्काळात खाली सिंगूरही आटले होते. तिकडे नातेवाईक असलेल्या घरांना तो उन्हाळा चांगला आठवत असेल. आपल्या नळाचे पाणी कुणाच्या तरी नदीचे असते, हे तेव्हा कळते.

तिसरा परिणाम पाण्याच्या गुणावर होतो. जे तलाव उरले त्यांत पावसाऐवजी सांडपाणी येऊ लागले. हुसेन सागर एके काळी पिण्याच्या पाण्याचा तलाव होता. कुकटपल्ली नाल्यातून वसाहतींचे आणि कारखान्यांचे पाणी त्यात येत राहिले आणि त्याची काय दशा झाली ते आपण नाक धरून पाहतोच. दर गणेशोत्सवात आपणही त्यात भर घालत आलो आहोत. मातीची मूर्ती आणि घरच्या बादलीत विसर्जन हा बदल आपल्या घरात करायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

चौथा परिणाम उष्णतेचा. ओली माती आणि झाडे वाफेबरोबर उष्णता बाहेर टाकतात. सिमेंट आणि डांबर दिवसभर ती साठवतात आणि रात्री परत देतात. म्हणून गच्चीवर झोपण्याची आजोबांच्या काळची चैन आता राहिली नाही.

नियम होते आणि आहेत

शहराने हे ओळखलेच नाही असे नाही. ८ मार्च १९९६ रोजी सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढून उस्मान सागर आणि हिमायत सागर यांच्या भोवतीच्या दहा किलोमीटर परिसरात, ८४ गावांत, मोठ्या बांधकामांवर निर्बंध घातले. एप्रिल २०२२ मध्ये हे निर्बंध उठवणारा आदेश निघाला. यावर दोन बाजू आहेत आणि दोन्ही ऐकल्या पाहिजेत. त्या गावचा शेतकरी विचारतो, 'शेजारच्या गावात जमिनीला सोन्याचा भाव, आणि शहर वाचवण्याचा बोजा आम्हीच का वाहायचा?' प्रश्न खोटा नाही. पाण्याचे अभ्यासक म्हणतात, 'तो परिसर झाकला गेला तर विश्वेश्वरय्यांच्या जलाशयांत पाणी यायचे कसे, आणि आले तरी ते पिण्याजोगे राहील का?' हाही प्रश्न खोटा नाही. मोठे झाल्यावर या प्रश्नावर निर्णय घेणारे तुम्हीच असणार आहात.

एक दिलासा देणारी गोष्टही सांगतो. अंबरपेटचा बतुकम्माकुंटा भराव आणि कचऱ्याखाली गेला होता. २०२५ मध्ये सुमारे पाच एकरांत तो पुन्हा खोदण्यात आला आणि तिथे परत पाणी उभे राहिले. बुजवलेले सगळेच कायमचे जात नाही.

आता आपले मैदान

शहर वाढू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आपल्यातली कितीतरी कुटुंबे बडी चावडी, काचीगुडा सोडून मियापूर, कोंडापूरच्या नव्या इमारतींत राहायला गेली आहेत. त्यांच्या नोकऱ्याही त्याच नव्या शहरातल्या. नाल्याकाठी झोपडी बांधणाऱ्याकडे बोट दाखवणे तर सोपे आहे. पण त्याला दुसरी जागा कोणी दिली? म्हणून आपण आपल्या अंगणापासून सुरुवात करू.

शाळेचे मैदान पेव्हर ब्लॉकने झाकावे अशी सूचना पालकसभेत आली आहे आणि विश्वस्त मंडळापुढे ती विचारासाठी आहे. सूचनेमागची कारणे खरी आहेत. उन्हाळ्यात धूळ उडते, पावसात चिखल होतो, मुले घसरतात, पांढरा गणवेश धुता धुता आया मेटाकुटीला येतात. आम्ही शिक्षकही तो चिखल वर्गात झाडतो, तेव्हा तक्रार आम्हालाही समजते.

तरीही एक हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. (का, ते घरी पडताळून पाहा.) सोयीसाठी मैदान ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद धरू. क्षेत्रफळ १००० चौरस मीटर. हैदराबादचा वर्षाचा पाऊस साधारण ८०० मिलिमीटर धरला तर वर्षाला ८ लाख लिटर पाणी या एका मैदानावर पडते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर ८० टँकर. सगळे काही मुरणार नाही. काही वाफ होईल, काही वाहील. पण निम्मे जरी जमिनीत गेले तरी ते ४० टँकर झाले. मैदान झाकले तर त्यातले बहुतेक पाणी फाटकाबाहेर, खालच्या गल्लीत, कोणाच्या तरी घरात जाईल. आणि एप्रिलमध्ये आपली शाळा टँकर मागवते, हे तुम्हाला माहीत आहेच.

एक जुनी चूकही कबूल करतो. शाळेच्या मागच्या बाजूला एक विहीर होती. पाणी खाली गेले म्हणून तिच्यात राडारोडा टाकला आणि वर स्लॅब घातला. त्या वेळी आमच्यापैकी काहीजण इथे शिकवत होतो. कोणीही 'नको' म्हटले नाही. वर्गात जलसंधारण शिकवत होतो आणि खिडकीबाहेर विहीर बुजत होती. ती चूक दुसऱ्यांदा करायची नाही, म्हणून हा लेख.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती अशी आहे :

१. फाटकापासून वर्गांपर्यंत सहा फुटांची वाट फरसबंद करावी, म्हणजे चिखलाचा मुख्य त्रास जाईल. उरलेले मैदान मातीचे ठेवावे.

२. मैदानाला हलका उतार देऊन खालच्या कोपऱ्यात दगड-विटांच्या तुकड्यांनी आणि वाळूने भरलेला शोषखड्डा करावा. गच्चीचे पाणी नळाने त्यातच सोडावे.

३. कुंपणाच्या कडेने हराळी आणि कडुलिंब लावावेत. धूळ कमी होईल आणि सावलीही मिळेल.

४. विहिरीवरचा स्लॅब एकदा काढून पाहावा. राडारोडा काढता आला तर गच्चीच्या पाण्यासाठी तिच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

यातले पहिले तीन उपाय सगळे मैदान फरसबंद करण्याहून महाग असतील असे आम्हाला वाटत नाही. दोन्हींचे अंदाजपत्रक मागवून शेजारी शेजारी ठेवावे, आणि त्यात टँकरचाही खर्च धरावा, एवढेच आमचे मागणे आहे. चिखलाच्या दिवसांत मुलांचे पाय धुण्यासाठी दाराशी नळ आणि पायपुसणी ठेवण्याची जबाबदारी आम्ही शिक्षक घेतो.

स्वाध्याय

१. तीन पसरट ट्रे घ्या. एकात गवताचे ढेकूळ, एकात नुसती माती, एकात फरशीचा तुकडा ठेवा. तिन्हींना सारखाच उतार द्या आणि झारीने प्रत्येकावर एक-एक लिटर पाणी घाला. खाली किती पाणी आले आणि किती वेळात आले, ते मोजून लिहा.

२. आपल्या घराच्या किंवा इमारतीच्या गच्चीचे क्षेत्रफळ काढा. एक सेंटिमीटर पावसात तिच्यावर किती लिटर पाणी पडेल? ते पाणी सध्या कुठे जाते?

३. आजी-आजोबांना विचारा : आपल्या भागात पूर्वी तळे, विहीर, शेत कुठे होते? आज त्या जागी काय आहे? एका कागदावर दोन नकाशे काढा, एक तेव्हाचा आणि एक आताचा.

४. पुढचा जोराचा पाऊस थांबल्यावर घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन गल्लीतले पाणी कोणत्या दिशेला वाहते ते पाहा. वाहत्या नाल्याजवळ किंवा उघड्या मॅनहोलजवळ मात्र कोणीही जाऊ नये.

तिसऱ्या प्रश्नाचे नकाशे भूगोलाच्या शिक्षकांकडे आणून द्यावेत. विश्वस्त मंडळाच्या बैठकीच्या दिवशी ते सभागृहाच्या भिंतीवर लावू. निर्णय मोठी माणसे घेतील, पण कोणत्या जमिनीबद्दल घेत आहेत ते त्यांना तुमच्या नकाशांतून दिसू दे.